गोळी सोडल्याबद्दल टाळ्या

साठी उलटेपर्यंत बापूराव खळदकरांना मोठ्याने हसताना कोणी पाहिलं नव्हतं. सासवडकडच्या खेड्यातून ते पुण्यात आले, चिंचवडच्या एका कारखान्यात चिकटले आणि निवृत्त होईपर्यंत तिथे माल तपासत राहिले. यंत्रावरून उतरलेला दांडा मापाच्या कडीत घालून बघायचा. बसला तर पुढे, नाही बसला तर लाल पेटीत. मधलं काही नाही. पुढे पुढे घरातही तीच सवय लागली. भाजी खारट म्हणजे खारट, मुलीचे गुण कमी म्हणजे कमी. माणूस वाईट नव्हता. दर दिवाळीला सरोजिनीबाईंसाठी न सांगता साडी आणायचे. रंग मात्र त्यांना कधी विचारला नाही.

निवृत्तीनंतर घर खायला उठलं. बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीसमोर महापालिकेची बाग आहे. तिथे सकाळी दहाबारा म्हातारी माणसं गोल करून उभी राहत आणि हात वर करून उगाचच हसत. बापूराव पहिले काही दिवस कुंपणाबाहेरून बघत राहिले. तिथल्या सिराज बागवानांनी एकदा आतून हाक मारली, "अहो साहेब, तिकीट नाहीये. या आत."

सिराजभाईंचं आयुष्य मंडईत फळं विकण्यात गेलेलं. तोंड गोड आणि जीभ तिखट. त्यांनी बापूरावांना शेजारी उभं केलं आणि म्हणाले, "आवाज काढा नुसता. हसू मागून येतं." हसू खरंच मागून आलं. इतकं आलं की डोळ्यांतून पाणी वाहिलं, छातीवरचं काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, आणि महिन्याभरात रक्तदाबही थोडा उतरला. वर्षभरात बापूराव त्या हास्यक्लबचे प्रमुख झाले आणि क्लबातली माणसंही दुप्पट झाली. आवाज खणखणीत, वेळेला पक्के. जन्मभर न हसलेल्या माणसाला हसण्याचा शोध लागला की तो शोध आपणच लावला असं त्याला वाटायला लागतं. बापूरावांचं तसंच झालं.

घरात सरोजिनीबाईंना संधिवात होता. म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे. अंगाचं संरक्षण करणारी व्यवस्थाच उलटते, स्वतःच्या सांध्यांवर चालून जाते आणि ते सुजतात, तो. सकाळी उठल्यावर तासभर त्यांची बोटं मिटत नसत. कणीक भिजवताना परातीत पाणी कमी आणि उसासे जास्त पडत. औषधांचा डबा भरलेला असे. त्यात चार वर्षांपासून रोज नाश्त्यानंतर घ्यायची एक लहानशी पांढरी गोळी होती. ती सुरू झाल्यावर त्यांना पुन्हा चकल्या पाडता आल्या, म्हणून त्या तिला "माझी चकलीची गोळी" म्हणायच्या.

पण सांध्यांच्या मागून भीतीही आली होती. काही कारण नसताना काळीज धडधडायचं, हातपाय गार पडायचे, श्वास पुरायचा नाही. "अहो, मला काहीतरी होतंय," असं म्हणून त्या बापूरावांचा दंड धरायच्या. पहिल्यांदा रिक्षा करून हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. सगळं ठीक निघालं. दुसऱ्यांदाही ठीक निघालं. तिसऱ्यांदा बापूराव रिक्षा करायला गेले नाहीत. माप घेऊन झालं होतं. तपासणीत काही सापडत नाही, म्हणजे नाही.

"मनाचे खेळ आहेत सरू. हात वर कर, हस बघू मोठ्यानं."

"मला हसायला नाही येत हो अशा वेळी."

"नाटक बंद कर म्हणजे येईल."

हे ते रागाने म्हणत नसत. शिकवल्यासारखं म्हणत. सरोजिनीबाई हळूहळू दंड धरेनाशा झाल्या. घरात शांतता झाली, तेव्हा बापूरावांनी मनाशी धरलं की गुण आला.

क्लबात त्यांनी एक प्रथा पाडली होती. महिन्याचा पहिला रविवार म्हणजे सुटकेचा रविवार. ज्याची एखादी गोळी सुटली असेल, त्याने रिकामी पट्टी आणून मधल्या काचेच्या बरणीत टाकायची. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवून, हात आभाळाकडे करून, डोळे मिटून पोटभर हसायचं. कोणाची आम्लपित्ताची गोळी सुटली होती, कोणाची झोपेची. खरंच सुटली की नुसतीच बरणीत पडली, हे कोणी बघायला जात नव्हतं. टाळ्यांसाठी माणूस काय काय सोडतो!

पावसाळा सरत आला होता. अशाच एका रविवारी ज्ञानदेव मोहोळ, बँकेतून निवृत्त झालेले, बरणी हलवत म्हणाले, "बापूराव, ह्यात सगळ्या आमच्याच पट्ट्या. खळदकरांच्या घरची एकही दिसत नाही. वहिनींचा डबा तर म्हणे दुकानाएवढा आहे. दिव्याखाली अंधार का हो?"

सगळे हसले. ते हसणं व्यायामाचं नव्हतं. बापूरावही हसले, पण घरी येताना त्यांना फाटकाची कडी लावायचं भान राहिलं नाही.

त्या दुपारी त्यांनी सरोजिनीबाईंचा डबा उघडून सगळ्या गोळ्या टेबलावर मांडल्या. आठवड्यातून एकदा घ्यायची पिवळी होती, कॅल्शियमची दांडगी होती, भीतीसाठी दिलेली होती. आणि ती लहानशी पांढरी. मोबाइलवर कोणीतरी पाठवलेलं त्यांनी वाचलं होतं, की हे स्टिरॉइड आहे, हाडं पोखरतं, तोंड सुजवतं. शिवाय सगळ्यांत लहान तीच. सुरुवात लहानापासून करावी, असा त्यांनी हिशेब केला.

"सरू, ही सोडू या."

सरोजिनीबाई बोटं चोळत बसल्या होत्या. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मनानं कमीजास्त करायची नाही."

"डॉक्टर तसंच म्हणणार. तुझं तोंड बघ कसं गोल झालंय. मी आहे ना? पुढच्या सुटकेच्या रविवारी तुझ्यासाठी टाळ्या वाजल्या पाहिजेत."

त्यांनी बोटं चोळणं थांबवलं. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर."

हे तीन शब्द पुढे बापूरावांच्या कानात बसले ते उतरलेच नाहीत.

गोळी बंद झाल्यावर पहिले दोनतीन दिवस काही झालं नाही. मग सांधे पेटले. बापूराव म्हणाले, जुनी सवय आहे, मोडताना त्रास देणारच. मग जेवण जाईना. सकाळी उलटीसारखं व्हायला लागलं. पलंगावरून उठताना त्या भिंतीला हात लावून उभ्या राहायला लागल्या. एकदा ओट्याशी उभ्या असताना म्हणाल्या, "अहो, हातापायातला जीव गेल्यासारखं वाटतंय. आणि आत नुसतं थरथरतंय."

बापूराव पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. "पुन्हा तुझं सुरू झालं का?"

सरोजिनीबाईंनी गॅस बंद केला आणि आत जाऊन पडल्या. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत.

सुटकेच्या रविवारी बापूरावांनी त्यांना पिस्ता रंगाची साडी नेसायला लावली. बागेपर्यंतचं अंतर थोडं, तरी त्या दोनदा थांबल्या. गोलात मध्यभागी नेऊन बापूरावांनी त्यांच्या हातात रिकामी पट्टी दिली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "मंडळी, दिव्याखालचा अंधार गेला!"

पट्टी बरणीत पडली. टाळ्या कडाडल्या. बापूरावांनी हात आभाळाकडे केले, डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून हसायला सुरुवात केली. बाकीचे त्यांच्या मागोमाग. हा हा हा, हो हो हो. असं हसणं निम्म्यावर आलं की काही जण गवतावर बसून हसतात, हा नेहमीचाच प्रकार. त्यामुळे बापूरावांनी डोळे उघडले आणि सरोजिनीबाई गवतावर दिसल्या, तेव्हा त्यांना वाटलं, बसली. चला, हसायला लागली एकदाची. ते आणखी हसले.

सिराजभाईंचं हसणं आधी थांबलं. "बापूराव, गप्प! वहिनी पडल्यात!"

पण वीसपंचवीस माणसांचं मिटल्या डोळ्यांचं हसणं एका हाकेत थांबत नाही. एकेक आवाज गळत गेला. शेवटी कोणीतरी एकटंच हसत राहिलं आणि मग तेही थांबलं. सरोजिनीबाईंच्या ओठांना रंग नव्हता. कपाळ गार घामाने भिजलं होतं.

रुग्णालयात रक्तदाब इतका खाली दाखवत होता की नर्सने यंत्र बदलून पाहिलं. साखरही उतरली होती. सलाइन लागलं, इंजेक्शनं झाली. संधिवाताच्या डॉक्टर अफशीन मॅडम तिथेच येत असत. त्या धावत आल्या. त्यांनी पलंगाशी वाकून पहिला प्रश्न तोच विचारला.

"काकू, ती लहान पांढरी गोळी चालू आहे ना?"

सरोजिनीबाईंनी मान हलवली. नाही.

"कधीपासून नाही? कोणी सांगितलं थांबवायला?"

बापूराव पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. सरोजिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सलाइनच्या नळीकडे बघत म्हणाल्या, "कोणी नाही. माझी मीच."

एवढ्या क्षीण आवाजात त्यांनी नवऱ्याला झाकलं, आणि नवरा झाकला गेला. बापूराव मूग गिळून उभे राहिले.

दुपारी त्यांची मुलगी प्रियदर्शनी हिंजवडीहून आली. राहायला वाकडला, रविवारी कंपनीत काहीतरी तातडीचं काम निघालेलं, गळ्यातलं ओळखपत्रही काढायचं राहिलेलं. आईच्या उशाशी बसून ती आधी रडली आणि मग चिडली.

"आई, सीरियसली? स्टिरॉइड असं एकदम स्टॉप करतात? गूगल केलं असतंस तरी कळलं असतं. बाबा क्लब चालवतात, ते काय डॉक्टर आहेत? आणि तूसुद्धा! कोणाला विचारायचं तरी."

"चुकलं बाई माझं," सरोजिनीबाई म्हणाल्या.

बापूराव उठून बाहेर व्हरांड्यात गेले.

संध्याकाळी अफशीन मॅडमनी त्यांना खोलीत बोलावलं. पन्नाशीच्या आसपासच्या बाई, बोलणं सरळ. "काका, आता धोका टळलाय. पण समजून घ्या. मूत्रपिंडांच्या वर दोन लहान ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन बनवतात. ताण आला, ताप आला, मार लागला की अंगाला उभं ठेवतं ते हेच. सूज आटोक्यात ठेवणं हेही त्याचंच काम. काकूंच्या सांध्यांना ते पुरेना, म्हणून आपण त्याच जातीचं औषध बाहेरून दिलं. रोज बाहेरून मिळायला लागल्यावर ग्रंथी झोपी गेल्या. वर्षानुवर्षं झोपलेल्या ग्रंथी गोळी थांबल्याबरोबर उठत नाहीत. त्यांना हळूहळू उठवावं लागतं, गोळी थोडी थोडी कमी करून. ह्या दिवसांत काकूंच्या अंगात संकटाला तोंड द्यायला कोणी जागंच नव्हतं."

बापूरावांनी खाली बघत विचारलं, "आणि ती जी घाबरायची... आधीपासून... ते?"

"ते काय?"

"ते... मनाचंच ना?"

अफशीन मॅडमनी चष्मा काढला. "मन काय अंगाबाहेर राहतं का काका? अशी सूज वर्षानुवर्षं ज्यांच्या अंगात असते, त्यांच्यात घाबरण्याचा आजार इतरांपेक्षा जास्त दिसतो. सुजेतले काही पदार्थ रक्तातून फिरतात, त्यांची खबर मेंदूपर्यंत जाते. त्यात दुखणं, त्यात झोप नाही. ही गोळीसुद्धा काहींची झोप उडवते, काहींची धडधड वाढवते. सतत घाबरून राहिलं की ताणाच्या हार्मोन्सची घडी विस्कटते, ती विस्कटली की सुजेवर परिणाम होतो. आधी काय आणि मागून काय, हे आम्हालाही पुरतं उलगडलेलं नाही. एवढं मात्र सांगते, काकू नाटक करत नव्हत्या."

नाटक हा शब्द त्यांनी सहज वापरला होता. बापूरावांना वाटलं, ह्या बाईंना घरातलं कसं कळलं?

घरी सोडायच्या दिवशी मॅडमनी सरोजिनीबाईंना समोर बसवून बजावलं. "काकू, गोळी पुन्हा सुरू केलीय. ती कमी करायची तर मीच करीन, आणि अगदी सावकाश. घाबरल्यासारखं वाटणं आणि हे पुन्हा बिघडणं, दोन्ही सुरुवातीला सारखंच वाटू शकतं. म्हणून काहीही झालं तरी लगेच घरात सांगायचं. नेहमीचंच आहे म्हणून गिळायचं नाही. घरात कोणाला सांगाल?"

"मुलीला फोन करीन."

"ती हिंजवडीत. तिथून निघून तुमच्याकडे पोचेपर्यंत दिवेलागण होईल. काका असतात ना घरात?"

"असतात," सरोजिनीबाई म्हणाल्या.

एवढंच. टोमणा नाही, तक्रार नाही. घरातल्या कपाटाबद्दल सांगावं तसं. बापूरावांना त्या क्षणी कळलं की आपण काय घालवलंय. हिचा जीव आता हिच्या सांगण्यावर टांगलेला आहे, आणि सांगायचं ज्याला, त्याच्याकडे हिने केव्हाच दार लावून घेतलंय.

घरी आल्यावर प्रियदर्शनी आठवडाभर राहिली. लॅपटॉप उघडून घरूनच काम करायची आणि मधल्या वेळात आईला शिस्त लावायची. औषधाचा नवा डबा आणला, त्यावर वारांच्या पट्ट्या चिकटवल्या. "आई, परत स्वतःच्या मनानं काही करायचं नाही. प्रॉमिस?"

"नाही करणार."

"तू ना, खूप इररिस्पॉन्सिबल वागलीस."

बापूराव शेजारी चहा पीत होते. कप खाली ठेवून ते म्हणाले, "प्रिया, तिनं नाही सोडली गोळी. मी सोडायला लावली. क्लबात मला हिणवलं म्हणून."

प्रियदर्शनीने लॅपटॉप मिटला. "आणि इतके दिवस मी आईला बोलतेय ते तुम्ही ऐकत होतात?"

"होतो."

"वा बाबा. ग्रेट."

ती उठून गच्चीत गेली. बापूरावांना वाटलं होतं की बोलून टाकलं की छाती हलकी होईल. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांत राग होता. इतक्या वर्षांत न पाहिलेला.

"आता कशाला बोललात?"

"खरं होतं म्हणून."

"खरं दवाखान्यात होतं. तेव्हा गप्प बसलात. आता तुम्हाला सहन होईना म्हणून बोललात. तुम्ही मोकळे झालात, लेक तिकडे रडत बसली, आणि तिची समजूत काढायला पुन्हा मीच जाणार." त्या भिंतीला हात लावून उठल्या. "तुमचं सगळं असंच. हसायचं तर तुम्हाला बरं वाटतं म्हणून सगळ्यांनी हसायचं. रडायचं तर तुम्हाला हलकं व्हायचंय म्हणून."

त्या गच्चीकडे गेल्या. बापूराव कपावर धरलेली साय बघत बसले. तिचा एकेक शब्द मापात बसत होता.

पुढच्या सुटकेच्या रविवारी ते बागेत गेले आणि त्यांनी बरणी उचलून कचऱ्याच्या पिंपात रिकामी केली. "डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणी काही सोडायचं नाही. ज्यांनी सोडलंय त्यांनी उद्याच जाऊन दाखवा. माझ्या बायकोला मी मरणाच्या दारात नेऊन आणलंय," असं त्यांनी सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्ञानदेव मोहोळ पुढे आले आणि चाचरत म्हणाले, "मी आपलं गमतीनं म्हटलं होतं हो."

"गंमत तुमची होती. गोळी मीच काढून घेतली," बापूराव म्हणाले.

त्या दिवसापासून पुढे उभं राहणं त्यांनी सोडलं. सिराजभाई त्यांना बागेबाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेले.

"ती मला काही सांगत नाही सिराजभाई. मी दिवसातून दहा वेळा विचारतो. बरं आहे का, चक्कर येते का, घाबरायला होतंय का. ठीक आहे म्हणते."

"दहा वेळा? अहो, आमच्या गिऱ्हाइकानं आंबा दहा वेळा दाबून बघितला तर आंबा बिघडतो." सिराजभाईंनी बशीत चहा ओतला. "आमची सुरय्या दम्याची. पहिल्यांदा मीपण हेच करायचो. काय होतंय, कुठं होतंय, पंप घेतला का? एक दिवस म्हणाली, तुमच्या सवालांना जवाब देण्यात माझा उरलेला दम जातो."

"मग?"

"मग काय मग? गप्प बसायला शिकलो. दुकानदार माणूस, लई जड गेलं." त्यांनी चहा फुंकला. "तुम्हाला तर आणखी जड जाईल. तुम्ही पडलात लीडर."

बापूरावांना त्या दिवशी हसू आलं नाही, पण ते बोलणं त्यांनी घरी नेलं.

विचारणं त्यांनी बंद केलं. प्रियदर्शनी परत वाकडला गेली होती. जाताना बापाशी नेमकं तेवढंच बोलली. "रक्तदाबाचं यंत्र ड्रॉवरमध्ये आहे. आईला बरं नसलं तर मला नाही, आधी हॉस्पिटलला फोन करा." घरात दोघंच. सकाळी नाश्त्यानंतर सरोजिनीबाई स्वतःच्या हाताने गोळी घेत आणि बापूराव मुद्दाम दुसरीकडे बघत. कणीक ते भिजवायला लागले. पहिल्या दिवशी इतकी सैल झाली की तिची धिरडी करावी लागली. सरोजिनीबाईंनी धिरडं मुकाट्याने खाल्लं आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे." आजवर ह्या घरात मिठाबद्दल बोलण्याचा हक्क एकाचाच होता.

एका दुपारी ते मंडईतून भाजी घेऊन आले. मेथीची जुडी ओट्यावर ठेवली. घरात सरोजिनीबाई दिसल्या नाहीत. न्हाणीघराचं दार बंद होतं आणि आत नळ धो धो वाहत होता.

हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. वर्षानुवर्षं असा नळ वाहायचा, आणि वर्षानुवर्षं ते बाहेरून ओरडायचे, "सरू, टाकी रिकामी होईल! पाण्याला काही किंमत आहे की नाही?" मग नळ बंद व्हायचा आणि थोड्या वेळाने ती तोंड पुसत बाहेर यायची.

आताही सवयीने त्यांचं तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. बादली कधीची भरून वाहत असणार. आत धुणं नव्हतं, आंघोळ सकाळीच झाली होती. पाण्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, तुटक तुटक श्वासांचा. तो बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ होता.

म्हणजे इतकी वर्षं. ती आत जीव मुठीत धरून बसायची आणि मी बाहेरून पाण्याचा हिशेब मागायचो.

त्यांना दार ठोठावावंसं वाटलं. माफी मागावीशी वाटली. चक्कर येते का, यंत्र आणू का, फोन लावू का, सगळे प्रश्न एकदम ओठांवर आले. त्यांनी ड्रॉवरमधून रक्तदाबाचं यंत्र तेवढं आणलं आणि दाराशेजारी भिंतीला टेकून जमिनीवर बसले. बसताना गुडघा वाजला.

"सरू, मी इथं बाहेर बसलोय," ते म्हणाले. "वाहू दे पाणी."

पाणी वाहत राहिलं. बापूरावांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. ती पडली तर? ह्या दाराला आतून कडी आहे. बोलायला हवं की गप्प राहायला हवं? एकदा बोलून तिला मारायला निघालो होतो, आता गप्प बसून मारतोय का? त्यांनी मनाशी ठरवलं, आणखी थोडंच थांबायचं. मग कडी तोडायची.

नळ बंद झाला.

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग दार न उघडता सरोजिनीबाई म्हणाल्या, "आलीय."

"बरं," बापूराव म्हणाले.

"चक्कर नाहीये. उलटीसारखं पण नाहीये. गोळी घेतलीय सकाळी. नुसतीच भीती आहे."

"बरं."

"नुसतीच म्हणजे काय, मरायला होतंय मला."

बापूरावांनी दात ओठांवर दाबले. "हो," ते म्हणाले.

कडी निघाली. दार वीतभर उघडलं. आत सरोजिनीबाई पालथ्या घातलेल्या दुसऱ्या बादलीवर बसल्या होत्या, पदर ओला झाला होता. त्यांनी सुजलेला हात फटीतून बाहेर काढला. बापूरावांना वाटलं, हात धरायचाय. त्यांनी आपला पुढे केला, पण त्यांना हात नको होता.

"ते यंत्र द्या इकडे. माझं मी बघते," त्या म्हणाल्या. आणि दार ओढून घेता घेता थांबल्या. "तुम्ही उठू नका तिथून. बोलू पण नका."

बापूराव उठले नाहीत. आत यंत्र घरघरत फुगत होतं.